जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीतील हवेच्या स्प्रिंगा : दोष ओळखण्याची रीत

रस्त्यावरील खाचखळग्यांचे धक्के चाकाने सोसावेत, परंतु ते गाडीच्या सांगाड्यापर्यंत व आत बसलेल्यांपर्यंत पोहोचू नयेत, यासाठी चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये जी लवचीक योजना केलेली असते तिला सस्पेन्शन म्हणतात. जुन्या जीपमध्ये किंवा मालट्रकमध्ये पोलादी पाट्यांची कमान असते. बहुतेक मोटारगाड्यांत वेटोळ्याची पोलादी स्प्रिंग असते. तिसरा प्रकार असा की, जाड रबरी पिशवीत दाबाखाली हवा कोंडून तिलाच स्प्रिंग म्हणून वापरावयाचे. सन 2001 नंतर आपल्याकडील लांब पल्ल्याच्या आरामगाड्यांमुळे हा प्रकार सर्वसामान्य प्रवाशाच्या परिचयाचा झाला आहे. तथापि, लहान गाड्यांत तो अजूनही महागड्या वाहनांपुरताच मर्यादित असल्याने, तो बिघडला असता नेमके काय करावे याची माहिती तालुक्याच्या गावातील कारागिरांना सहसा नसते.

या लेखात विवेचनासाठी रेंज रोव्हर या ब्रिटिश गाडीची दुसरी पिढी घेतली आहे. 1970 साली ही गाडी प्रथम बाजारात आली तेव्हा तिला वेटोळ्याच्या स्प्रिंगा होत्या. हवेच्या स्प्रिंगांची विजेवर नियंत्रित होणारी योजना 1992 मध्ये पहिल्या पिढीच्या शेवटच्या काळात आली, आणि 1994 मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत ती कायम झाली. त्या पिढीच्या गाड्या आता वीस वर्षांहून अधिक जुन्या झालेल्या आहेत. 2008 साली टाटा मोटर्सने हा उद्योग विकत घेतल्यापासून या नावाशी आपला संबंध अधिक जवळचा झाला, हे खरे. पण येथे ही गाडी निवडण्याचे कारण वेगळे आहे. तिची रचना उघडी, सुटी व समजण्यास सोपी आहे. ती एकदा समजली की इतर गाड्यांतील अशाच योजनांचे दोष ओळखणे अवघड जात नाही.

या विषयाला एक आर्थिक बाजूही आहे. अशी गाडी जुनी झाल्यावर तुलनेने स्वस्तात मिळते, पण सुटे भाग मात्र नव्या गाडीच्या दरानेच घ्यावे लागतात. एका सकाळी गाडी जमिनीला टेकलेली दिसते, मालक घाबरतो, कारागीर अंदाजाने कॉम्प्रेसर बदलतो. आठ दिवसांनी गाडी पुन्हा टेकते, मग चारही पिशव्या बदलल्या जातात. आणि अखेरीस दोष एखाद्या क्षुल्लक रबरी कडीत निघतो. पैसा जातो तो बिघाडामुळे कमी आणि चुकीच्या क्रमामुळे अधिक.

प्रथम रचना पाहू. प्रत्येक चाकाजवळ एक, अशा चार रबरी पिशव्या असतात. त्याच हवेच्या स्प्रिंगा होत. इंजिनाच्या कप्प्यातील एका पेटीत विजेवर चालणारा लहान कॉम्प्रेसर असतो. त्याने दाबलेली हवा ओलावा शोषणाऱ्या खड्यांनी भरलेल्या नळकांड्यातून, म्हणजे शोषकातून जाते व गाडीच्या सांगाड्याला बसविलेल्या टाकीत साठते. टाकीतील दाब दाबदर्शक स्विचकडून कळतो. तो सुमारे 7 ते 8 बारपर्यंत उतरला की कॉम्प्रेसर सुरू होतो आणि सुमारे 10 बारला बंद होतो. टायरवाल्याच्या भाषेत सांगावयाचे तर 10 बार म्हणजे जवळजवळ 145 पौंड, मोटारीच्या टायरमधील हवेच्या चौपटीहून अधिक. टाकीतून ही हवा व्हॉल्व्हच्या ठोकळ्याकडे येते. या ठोकळ्यात चार कोपऱ्यांचे चार व्हॉल्व्ह, हवा आत घेणारा एक व बाहेर सोडणारा एक असतो. तेथून 6 मिलिमीटर जाडीच्या नायलॉनच्या नळ्या चारही पिशव्यांकडे जातात. चारही चाकांजवळ उंची मोजणारे संवेदक असतात. त्यांच्याकडून आलेल्या मापांनुसार पुढील आसनाखालची नियंत्रक पेटी कोणत्या कोपऱ्यात हवा भरावयाची आणि कोणत्या कोपऱ्यातून सोडावयाची ते ठरविते.

गाडीच्या उंचीचे टप्पे ठरलेले आहेत. नेहमीच्या उंचीपेक्षा 40 मिलिमीटर वर हा खडबडीत वाटेचा टप्पा. वेग ताशी 56 किलोमीटरच्या आत असेल तरच तो मिळतो. ताशी 80 किलोमीटरच्या वर काही काळ गाडी धावली की ती आपोआप 25 मिलिमीटर खाली बसते. उभ्या गाडीत चढणे-उतरणे सुलभ व्हावे म्हणून ती 65 मिलिमीटरपर्यंत खाली घेता येते. वर जाताना मागची बाजू आधी उचलली जाते व खाली येताना पुढची बाजू आधी बसते. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर दिव्यांचा झोत जाऊ नये, हा त्यातील हेतू. हा क्रम ठाऊक नसल्याने गाडीचा मागचा भाग प्रथम वर गेलेला पाहून पुष्कळांना तो दोष वाटतो. तसेच, दार उघडे असताना अथवा ब्रेक दाबलेला असताना गाडी आपली उंची बदलण्याचे थांबते. गाडी खाली बसण्यास नकार देत असेल तर ठोकळा उघडण्यापूर्वी चारही दारे नीट लागलेली आहेत काय, व दाराच्या कुलपातील लहान स्विच ती बातमी नियंत्रकास देतो काय, एवढे पाहिले तरी कित्येकदा काम भागते.

शिक्षकांना वर्गात सांगता येईल असे येथील भौतिकशास्त्र साधे आहे. समजा एका कोपऱ्यावर 550 किलोग्रॅम भार आहे आणि पिशवीचे परिणामी क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर आहे. तर पिशवीतील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलोग्रॅम असला पाहिजे. मागे चार माणसे व सामान वाढले की दाब वाढवावा लागतो, पण उंची तीच राहते. पोलादी स्प्रिंग भाराबरोबर दबते, हवेची स्प्रिंग हवा घेऊन पूर्वपदावर येते. दोहोंत हाच मुख्य भेद. येथेच आणखी एक गोष्ट ध्यानात येते. भार तोच असला की दाबही तोच राहतो, परंतु हवा थंड झाली की तिचे आकारमान घटते. दुपारी 40 अंश सेल्सिअसला उभी केलेली गाडी पहाटे 15 अंशाला पाहिली, तर निरपेक्ष तापमान 313 वरून 288 वर आलेले असते. म्हणजे आकारमान सुमारे आठ टक्क्यांनी कमी होते. पिशवीतील हवेचा स्तंभ 20 सेंटिमीटर धरला तर गाडी दीड सेंटिमीटरच्या आसपास खाली आलेली दिसेल. इंदूर-ग्वाल्हेरकडील हिवाळ्यात दिवस व रात्र यांच्या तापमानात मोठे अंतर पडते. तेथे अशी चारही कोपऱ्यांवर सारखी पडलेली घट म्हणजे गळती असे समजून खर्चात पडू नये.

तपासणीस हात घालण्यापूर्वी एक इशारा द्यावयास हवा, आणि तो केवळ उपचार म्हणून दिलेला नाही. सुमारे दोन टन वजनाची ही गाडी हवेवर उभी असते. नळी सुटली, पिशवी फाटली किंवा नियंत्रकाने अचानक हवा सोडली, तर सांगाडा क्षणार्धात खाली येतो. त्या वेळी खाली माणूस असेल तर त्यास बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. केवळ जॅकवर अथवा विटांच्या थप्पीवर भरवसा ठेवू नये. सांगाड्याखाली भक्कम घोडे लावल्याशिवाय गाडीखाली डोकेही घालू नये, आणि खाली काम चालू असताना दुसऱ्या कोणी दार उघडणे, किल्ली फिरविणे असे काही करू नये. दाबाखालील नळी उपसण्यापूर्वी त्या भागातील हवा सोडून द्यावी व डोळ्यांवर चष्मा असावा. तसेच, पिशव्या रिकाम्या असताना चाके लोंबती ठेवून गाडी तशीच खाली सोडू नये. पिशवीला भलतीकडे घडी पडते आणि चांगली पिशवी निकामी होते. आधी हवा भरावी, मग भार द्यावा.

आता प्रत्यक्ष तपास. पहिली भेट बॅटरीची घ्यावी. जुन्या बॅटरीचा व्होल्टेज उतरला की नियंत्रक पेटी चुकीचे संकेत वाचते आणि सस्पेन्शन निर्दोष असूनही दोषाचा दिवा लावते. त्यानंतर फ्यूज व रिले पाहावेत. ही दोन्ही कामे पाच मिनिटांची असून त्यांना पैसा लागत नाही.

त्यानंतर चालकाची जबानी. गाडी किती दिवसांनी बसते, चालताना बसते की उभी असताना, एकच कोपरा की सर्व, वर येण्यास किती वेळ लागतो, हे त्यास विचारून लिहून घ्यावे. गावातील वैद्य रोग्याला हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र या गाडीत चालकाची जबानी प्रामाणिक असूनही फसवी ठरू शकते, आणि त्याचे कारण बहुतेकांना माहीत नसते. इंजिन बंद करून गाडी उभी केल्यानंतरही नियंत्रक पेटी सुमारे दर सहा तासांनी जागी होते व चारही उंची पाहते. एखादा कोपरा खाली गेला असेल, तर गाडी तिरकी दिसू नये म्हणून ती इतर तीन कोपऱ्यांतील हवा सोडून त्यांनाही त्याच पातळीवर आणते. दोन दिवसांनी मालक पाहतो तो गाडी चारही बाजूंनी सारखी बसलेली. सहजच तो म्हणतो की चारही पिशव्या गेल्या. वस्तुतः गळत असते ती एकच. बाकीच्या तिघींना तिच्या संगतीने खाली यावे लागते.

सबब, गळतीचा शोध घेताना पेटीला झोपवावे लागते. सपाट जागी गाडी नेहमीच्या उंचीवर आणून किल्ली काढावी आणि पुढील आसनाखालील नियंत्रक पेटीचा विजेचा जोड सोडवावा. बॅटरीची तार काढूनही हे साधते, परंतु या गाडीतील चोरी-रोधक यंत्रणेमुळे पुढे किल्लीची पुन्हा जुळणी करण्याची वेळ येऊ शकते. म्हणून तो मार्ग टाळलेला बरा. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर फितीने मोजून, वेळ व हवेचे तापमान यांसह कागदावर टिपावे. दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळी पुन्हा मोजावे. तापमान जवळपास तेच असताना ज्या कोपऱ्याचे माप घटले असेल, तो कोपरा दोषी. ही साधी फूटपट्टीची रीत महागड्या यंत्राहून अधिक खरे बोलते, असे म्हणण्यास हरकत नाही. तिच्यासाठी लागतो तो फक्त एक रात्रीचा धीर, आणि गिऱ्हाईक उंबऱ्यावर उभे असताना कारागिराकडे नेमका तोच नसतो.

कोपरा कळला तरी दोष पिशवीचा, नळीचा की ठोकळ्यातील व्हॉल्व्हचा, हे ठरवावयाचे उरते. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढणारा मुलगा ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे पाहतो. येथे गाडी बुडविता येत नाही, म्हणून साबणाचे दाट पाणी कुंचल्याने लावावे. गाडी उंच टप्प्यावर घ्यावी, घोडे लावावेत, म्हणजे पिशवीचा एरवी घडीत दडलेला भाग उघडा पडतो. पिशवी फाटते ती बहुधा खालच्या बाजूस, रबर वारंवार दुमडते त्या रेषेवर. तेथे बारीक भेगांचे जाळे दिसले तर साबणाचा फेस येवो न येवो, त्या पिशवीचे आयुष्य सरले असे समजावे. मग नळीच्या दोन्ही टोकांचे जोड, आणि नळी सांगाड्यावर घासते तेथील जागा पाहाव्यात. गोठ्याजवळ किंवा कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर नायलॉनची नळी कुरतडतात, हेही विसरू नये. तपासणीनंतर साबण स्वच्छ पाण्याने धुऊन काढावा.

बाहेर कोठेच फेस येत नसेल तर संशय ठोकळ्यावर जातो. त्याची खात्री करून घेण्याची एक चांगली युक्ती आहे. त्या कोपऱ्यातील हवा सोडून, ठोकळ्यात गेलेली त्या कोपऱ्याची नळी काढावी व तिला योग्य जोड लावून टायरचा व्हॉल्व्ह बसवावा. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने थोडी थोडी हवा भरून कोपरा नेहमीच्या उंचीवर आणावा आणि रात्रभर ठेवावा. सकाळी माप तेच राहिले तर पिशवी व नळी दोन्ही निर्दोष. हवा ठोकळ्यातूनच जात होती. माप घटले तर ठोकळ्याला हात लावण्याचे कारण नाही. दूरच्या प्रवासाला निघणारे काही मालक चारही नळ्यांवर असे व्हॉल्व्ह कायमचेच बसवून घेतात. यंत्रणा वाटेत बंद पडली तरी हवा भरून गाडी घरी आणता येते.

ठोकळ्यातील गळतीचे कारण बहुतांशी वयोमानाने कडक झालेल्या रबरी कड्या हेच असते. नळी जेथे आत जाते तेथेही अशाच कड्या असतात. त्यांचा संच मिळतो व तो बदलण्याचे काम निगुतीचे असले तरी अवघड नाही. नळी काढताना भोवतीची प्लॅस्टिकची कडी आत दाबून धरावी, मगच नळी ओढावी. जोर करून उपसल्यास तिच्यावर ओरखडे पडतात व नवी रबरी कडीही हवा धरत नाही. ओरखडलेले टोक धारदार पात्याने काटकोनात कापून पुन्हा बसवावे. प्रत्येक नळीला चिठ्ठी बांधण्याचा कंटाळा करू नये. डाव्या-उजव्या नळ्यांची अदलाबदल झाली तर नियंत्रक डावीकडे हवा सोडतो आणि गाडी उजवीकडे उचलली जाते. तो गोंधळ पाहणाऱ्यास मौजेचा, मालकास नव्हे.

गळती नाही, पण गाडी वर येण्यास फार वेळ लागतो, अशी तक्रार असेल तर कॉम्प्रेसर व टाकीकडे वळावे. गाडी झटकन उचलते ती टाकीतील साठवलेली हवा. टाकी रिकामी असेल तर सारे काम लहानशा कॉम्प्रेसरवर येऊन पडते. कॉम्प्रेसर चालत असतानाच बाहेर सोडणाऱ्या तोंडातून हवेचा सूसू आवाज सतत येत असेल, तर ठोकळ्यातील हवा सोडणाऱ्या रबरी पडद्याचा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, असे समजावे. तेथे आवाज नाही, गळती नाही, तरीही दाब चढत नाही, तेव्हा कॉम्प्रेसरच्या दट्ट्याची कडी झिजलेली असते. ही कडी सुटी मिळते, त्यामुळे अख्खा कॉम्प्रेसर बदलण्याची घाई नको. कॉम्प्रेसर मुळीच बोलत नसेल तर त्यास थोडा वेळ द्यावा; फार तापल्यास त्यातील उष्णता-स्विच त्याला बंद करतो व निवल्यावर तो पुन्हा सुरू होतो. निवूनही सुरू झाला नाही तर त्याच्या मोटारीला काही क्षणच बॅटरीची थेट जोडणी द्यावी. मोटार फिरली तर दोष रिले, तारा किंवा दाबदर्शक स्विच यांत आहे. न फिरली तर मोटारीत. मात्र, वारंवार तापणारा कॉम्प्रेसर हा सहसा मूळ रोगी नसतो. कोठेतरी हवा गळत असते आणि ती भरून काढता काढता तो थकतो. गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसविला तर तोही त्याच वाटेने जातो.

शोषकाकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. टाकीकडे जाणारी हवा त्यातून कोरडी होऊन जाते व बाहेर सोडली जाणारी कोरडी हवा उलट दिशेने जाताना खड्यांतील ओलावा घेऊन जाते. अशा रीतीने शोषक आपोआप ताजा राहतो. पण गळतीमुळे हवा भलतीकडूनच निघून गेली तर ही उलट फेरी घडत नाही, खडे भिजून बसतात आणि पाणी टाकीत जाते. गोवा व कोकणपट्टीतील पावसाळी हवेत हे लवकर घडते. टाकीच्या तळाशी निचऱ्याचा बूच असतो. चष्मा घालून, तोंड बाजूला ठेवून, तो अगदी हळूहळू सैल करावा व हवा पूर्ण निघून गेल्यावरच काढावा. पाणी निघाले तर शोषकाचे खडे बदलण्याची वेळ झाली आहे. ते पाणी ठोकळ्यापर्यंत पोहोचले की व्हॉल्व्ह गंजतात व चिकटतात, आणि मग खर्च कित्येक पटींनी वाढतो.

उरला उंची मोजणारा संवेदक. गाडी सपाट रस्त्यावरही उगाच एका कोपऱ्यात वरखाली करीत असेल, किंवा खड्ड्यातून गेल्याबरोबर दोषाचा दिवा लागत असेल, तर हाच आरोपी असण्याचा संभव अधिक. त्याच्या आत रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखीच फिरती रोधक पट्टी असते, आणि नेहमीच्या उंचीच्या जागी ती सर्वांत जास्त घासते. संवेदकाचा जोड सोडून त्याला मल्टिमीटर लावावा व दांडा हाताने सावकाश फिरवावा. काटा अखंड सरकला तर ठीक. मध्येच उडी मारली किंवा शून्यावर पडला तर संवेदक बदलावा. नवा संवेदक बसविल्यावर उंचीची मापे नव्याने बसवून घ्यावी लागतात, अन्यथा गाडी कायम तिरकी उभी राहते.

सर्व दुरुस्ती होऊनही दिवा विझत नाही आणि गाडी खालच्या रबरी ठोकळ्यांवर बसलेलीच राहते, असा अनुभव येतो. यात कारागिराचा दोष नसतो. काही दोष नियंत्रकाच्या स्मरणात पक्के बसतात व योग्य तपासणी-यंत्र जोडून पुसून टाकल्याशिवाय तो पुन्हा कामाला लागत नाही. असे यंत्र जवळ नसेल तर काम हाती घेण्यापूर्वीच ते कोठे मिळेल याची चौकशी करावी. त्या अवस्थेत गाडी हलवावीच लागली तर ताशी 56 किलोमीटरची मर्यादा ओलांडू नये, कारण त्या वेळी चाकाला वर जाण्यास जागाच राहिलेली नसते व प्रत्येक खड्डा थेट सांगाड्यावर आदळतो.

या सर्व उपद्व्यापाला कंटाळून पुष्कळ मालकांनी हवेच्या पिशव्या काढून पोलादी वेटोळी स्प्रिंगा बसविल्या आहेत. ज्याच्या गावापासून तपासणी-यंत्र शेकडो किलोमीटर दूर आहे, त्याने तसे करणे अव्यवहारी म्हणता येणार नाही. भाराप्रमाणे उंची राखण्याचा व नदीच्या उतारावर गाडी उचलून घेण्याचा गुण मात्र त्यात जातो, आणि ज्या गाडीत केवळ चार रबरी कड्या कडक झाल्या आहेत तिच्यासाठी हा सौदा महागच पडतो. तेव्हा तो निर्णय फितीने घेतलेली दोन दिवसांची मापे हाती आल्यानंतर घ्यावा.